अंड्यावरून कोंबडी

"जय भीम. ये बाळा, ये," आई म्हणाली आणि पुन्हा कोंबड्यांकडे वळली.

संघर्ष बागेच्या फाटकाशीच थांबला. कॉव्हेंट्रीचं सकाळचं धुकं अजून गवतावर रेंगाळत होतं. त्यात आईची पावलं दिसतच नव्हती; ती तरंगत चालल्यासारखी वाटत होती, मागून सात कोंबड्या. लेक सात महिन्यांनी आलाय, तरी रडणं नाही की रागावणं नाही. त्याला हायसंच वाटलं. बाळा तर ती सगळ्यांनाच म्हणायची, पोस्टमनला, गॅसवाल्याला. लहानपणी त्याला याचा भारी राग यायचा.

शेजारच्या नीनाचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. "मावशी दोनदा गॅसचा हॉब चालू ठेवून बाहेर गेल्या. तू स्वतः येऊन बघ. फोनवर काही कळत नाही."

एजवेअरला, त्याच्या घराजवळ, एका केअर होममध्ये खोली धरून ठेवली होती. हवी की नको, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं. हे घर, ही बाग, या कोंबड्या, आईचं सगळं त्याच्या एका शब्दावर अडकलं होतं. आणि ठाम शब्द देणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. तो कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायचा, त्यातही त्याचे लाडके संशयवादी. कशाचीच खात्री देता येत नाही म्हणणारे.

"गाडीनं आलास की ट्रेननं?" आईनं चहा पुढे ठेवला.

"गाडीनं."

"दमला असशील."

चहात दोन चमचे साखर होती. साखर सोडून त्याला आठ वर्षं झाली होती, पण आयांच्या हे कधी लक्षात राहतं? तो मुकाट्यानं प्यायला.

आई टोपलीतली अंडी टेबलावर मांडत होती. "हे चंपीचं. हे मुक्ताचं. हे आमच्या लंगडीचं."

संघर्षच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं तो वर्गात हेच सांगत होता. संशयवादी म्हणायचे, दोन अंडी शेजारी ठेवा, कुठलं कुठलं ते सांगता येत नाही; मग डोळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? त्यावर स्टोइक पंथाचे लोक म्हणायचे, डीलॉस बेटावर जाऊन बघा, तिथले कोंबड्या पाळणारे अंडं बघून कोंबडी सांगतात. यावर मुलं हसायची. तोही हसायचा.

"आई, परत सांगशील?"

त्यानं प्रत्येक अंड्याच्या बुडाला पेन्सिलीनं नाव लिहिलं. तिला खिडकीकडे तोंड करायला सांगून सगळी अंडी मिसळली आणि त्यात आठवं घातलं, वाटेत सुपरमार्केटातून घेतलेलं. कोंबड्या असलेल्या घरी अंडी घेऊन येणारा गाढव तोच.

आई काहीतरी गुणगुणत एकेक अंडं उचलू लागली. बोटं फिरवायची, अर्धवट डोळे मिटायची, नाव सांगायची. सातही नावं बरोबर आली. आठवं तिनं बाजूला ठेवलं.

"हे आपल्या घरचं नाही."

"कशावरून?"

"आपलं ओळखायला काही लागतं होय रे?"

संघर्षचे डोळे भरून आले. तो बागेत गेला आणि एजवेअरला फोन लावला. "खोली नको."

"नक्की ना?" पलीकडून विचारलं.

"नक्की," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडाला इतका नवा होता की त्याचं त्यालाच हसू आलं. धुकं आता विरलं होतं आणि कोंबड्या उन्हात माती उकरत होत्या.

आत येऊन तो आईसमोर बसला. "आई, तू इथेच राहायचंस. मी कळवून टाकलंय त्यांना. आता कुण्णी तुला इथून हलवणार नाही."

आईनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"लई उपकार झाले बाळा," ती म्हणाली. "आता दुपारी माझा संघर्ष येईल ना, त्यालाही तूच सांग हं. माझं नाही त्याला खरं वाटायचं."