फोटो काढायचा म्हणून

शहरातून फोटो काढणारी बाई येणार असा निरोप आला आणि लालीबाईनं पहाटेच पदर खोचला. तिचा तांडा मारेगावकडच्या कोळशाच्या खाणीला लागून. आठ वाजले की घरासमोरून ट्रकची रांग सुरू होते, ती दिवस मावळेपर्यंत. त्याच्या आत तिनं भिंती पुसल्या, अंगण सारवलं, दारातल्या पेरूची हाताला येतील तेवढी पानं ओल्या फडक्यानं पुसून हिरवी केली. नवऱ्याला, रूपसिंगला, धुतलेला सदरा घालून बाजेवर बसवलं आणि बजावलं, "बाई जाईस्तोवर खोकू नका."

आठाला पाच मिनिटं कमी असताना नयन आली. घराभोवती एक चक्कर मारली आणि डोळ्याला लावलेला कॅमेरा तिनं खाली घेतला.

"मावशी, मला धुळीचेच फोटो हवे होते. खाण वाढवायची सुनावणी आहे ना, तिथं दाखवायला. इथं तर सगळं चकाचक आहे."

लालीबाई ओशाळली. पाहुणीसमोर घर काळं कसं ठेवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाजेवर रूपसिंग ओठ घट्ट मिटून बसला होता; त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर पहिला ट्रक घरघरला. लालीबाईनं स्टूल पुढे सरकवलं.

"बस ना बाई. धूळच पाह्यजे तं चहा होईस्तोवर येते."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"खोका आता तुमी. चालते."