दिवाळसणाचा फोन

पाडव्याच्या सकाळी माधुरीनं नवऱ्याला ओवाळलं, आणि तिच्या बापानं, बारकूनं, दिवाळसणाला ठरलेल्या फोनचा खोका जावयाच्या हातात दिला. हरेशनं खोका घेतला आणि घेताक्षणीच त्याचा चेहरा उतरला. तो फोन वजनाला किती असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेले दोन महिने तो दुसरं काही बघतच नव्हता.

"उघडा की," सासू भागी दारातून कौतुकानं बोलली. तिला बिचारीला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

हरेशनं झाकण काढलं. आत नोटा होत्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. फोनच्या किमतीत पैसाही कमी नाही.

"फोन नाय मिळाला, जावयबापू." बारकूनं रात्रभर घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. "मुरबाडला नाय, शहापूरला नाय, कल्याणला पण जाऊन आलो. दिवाळीचा सगळ्यांना तोच पायजे. ओवाळाया रिकामा खोका तेवढा दुकानदारानं दिला. पैसे पुरे हायेत. तुमाला कुठं दिसला तर घ्या."

एक गोष्ट मात्र त्यानं पोटात ठेवली. फोन मिळाला होता. भाद्रपदात मुरबाडच्या दुकानदारानं तोच निळा फोन त्याच्या हातावर ठेवून सांगितलं होतं, "आजच घेऊन टाका काका, दसऱ्याला हा बघायलाही मिळायचा नाही." पण तो पितरांचा पंधरवडा. त्या दिवसांत घरात नवा झाडूसुद्धा कोणी आणत नाही, आणि हा तर पोरीचा पहिला दिवाळसण. उद्या तिच्या संसारात काही कमी-जास्त झालं असतं तर गावानं बारकूलाच बोल लावला असता. त्यानं फोन परत काचेवर ठेवला. घटस्थापनेला पहिली जीप धरून दुकानात गेला, तेव्हा काचेखालची जागा रिकामी होती आणि मागणीच्या वहीत त्याच्या आधी चाळीस नावं लागली होती. आपलं काय चुकलं ते त्याला अजून कळत नव्हतं, आणि चुकलं नाही असंही म्हणवत नव्हतं.

हरेश चिडला नाही. पोरगा तसा गुणाचा, कंपनीत कामाला, दारूला न शिवणारा. त्यानं झाकण लावलं आणि खोका हळूच सासऱ्याकडं सरकवला.

"पैसे नको, मामा."

"घ्या ना. तुमचेच हायेत ते."

"पैसे घेतले तर तो हुंडा झाला. निघताना आई बोलली, वस्तू देतील ती मानानं घे, पैशाला हात लावू नको. लोक बोलतील, पोरानं मागून घेतले." मग तो खाली बघत बोलला, "आणि तिकडं कामावर सगळ्यांना सांगून बसलोय मी. पाडव्याला फोन येतो म्हणून."

बारकूला हसावं की रडावं ते कळेना. जन्मात पहिल्यांदा खिशात पैसे होते तर दुकानात वस्तू नव्हती, आणि आता ते पैसे घ्यायलाही कोणी तयार नव्हतं.

हरेश जेवला मात्र पोटभर. भागीच्या करंज्या त्यानं दोनदा मागून घेतल्या. ते बघून बारकूच्या जिवात जीव आला. झालं गेलं, असं त्याला वाटलं.

तीन वाजता रस्त्यावर मुरबाडच्या जीपनं हॉर्न दिला. माधुरी आपली बॅग घेऊन बाहेर आली. हरेशनं स्वतःची बॅग खांद्याला लावली आणि तिची होती तिथंच राहू दिली.

"तू राहा इथं," तो बोलला. आवाज अगदी मऊ होता. "फोन आला का ये. संगतीच घेऊन ये."

"कवा येल तो?"

"ते मामांना ठाऊक."

जीप गेली. बारकूनं तिथंच अंगणात उभ्या उभ्या आपला बटणांचा फोन काढून दुकानदाराला लावला. दुकानदार घाईत होता, दुकानात गर्दीचा गलका चालला होता. माल कधी येईल ते सांगता येत नाही, तो बोलला. आणि महिन्याभरात नवं मॉडेल निघालं तर हे बंदच होईल, काका. बारकूनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ कानाशीच धरून ठेवला.

"काय बोलला?" माधुरीनं विचारलं.

"येल बोलला. आठ-पंधरा दिसांत."

ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आत गेली. भागी चुलीपुढं पदराला डोळे पुसत बसली होती. माधुरीनं नव्या साडीची घडी घालून ठेवली, आईचं जुनं लुगडं नेसली आणि बाहेर आली. घराखालच्या शेतात अर्धं भात कापून पडलं होतं, अर्धं उभं होतं.

"कापणी किती दिसांची उरलीय, बाबा?"

"असल सहा-सात दिसांची."

"आणि झोडणी?"

"ती देवदिवाळी झाल्यावर. महिना हाय अजून."

माधुरीनं कुडात खोचलेला विळा काढला आणि त्याची धार अंगठ्यावर बघितली.

"मग झोडणीला मजूर नको सांगू," ती बोलली. "मी हाय."