अकरा तासांवरचं कोर्ट

"साहेब, दावा तिकडेच चालू द्या," लाँड्रीवाल्या मावशी मागच्या बाकावरून उठून म्हणाल्या, आणि त्यांचाच वकील वाक्याच्या मधोमध उघडा पडला.

गेली वीस मिनिटं तो पोटतिडकीने नेमकं उलटं सांगत होता. लाँड्री इथे. दुकान बंद असताना आग लागली तीही इथे. विम्याच्या कागदांवर सह्या इथे. मग कंपनीवरचा दावाही इथल्याच कोर्टात चालायला हवा. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की करारात एकविसावं कलम आहे. मुंगीने लिहावं अशा अक्षरात त्यात म्हटलं होतं, की कुठलाही वाद कंपनीच्या मुख्य कचेरीच्या शहरातच चालेल. ते शहर रेल्वेने अकरा तासांवर. कलम लिहिणाऱ्याचा हेतू उघड होता. दोन-तीन तारखांच्या प्रवासात पाठ धरली की माणूस न्यायाचा नाद सोडतो.

वकिलाचं हे पहिलंच मोठं प्रकरण. त्यासाठी त्याने नवा कोट शिवला होता. तो काखेत काचत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुमचे वकील तुमच्याच बाजूने भांडताहेत. कळतंय ना?"

"भांडतात छान," मावशी म्हणाल्या. "पण मला तिकडेच जायचंय."

आता कंपनीचे वकील सावध झाले. समोरच्याला जे हवं ते आपल्याला नको, या एका नियमावर त्यांनी तीस वर्षं वकिली केली होती आणि दोन मजली घर बांधलं होतं. एक बाई आपण होऊन अकरा तास प्रवासाला तयार होते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. ते उठले आणि घसा साफ करून म्हणाले, "आमची कंपनी माणुसकी मानते, साहेब. दावा इथेच चालवा."

न्यायाधीशांनी समोरचा कागद उलटसुलट करून पाहिला. "पण तिकडे चालवा हा अर्ज तुमचाच आहे."

"होय साहेब. आमचा त्याला सक्त विरोध आहे."

न्यायाधीशांनी दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली. ती बहुधा स्वतःसाठीच होती.

वकिलाने मावशींना बाहेर पाण्याच्या पिंपाशी गाठलं. "मावशी, तुम्ही बासष्ट वर्षांच्या. अकरा तास जायचं, अकरा तास यायचं. कशासाठी? तिकडचे न्यायाधीश ओळखीचे आहेत?"

"छे."

"एखादा चांगला डॉक्टर?"

"तब्येत ठणठणीत आहे."

"मग काय आहे तिकडे?"

"तुम्ही माझे वकील आहात की शेजारीण?" मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आज इथलं ठरलं, तर तिकडचा रस्ता बंद?"

"कायमचा."

मावशींनी पिशवीचे बंद मुठीत गच्च धरले. "मग इथलं ठरू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

लाँड्री जळाली ते सांगतानाही त्यांचा आवाज इतका हलला नव्हता. वकील आत गेला. कंपनीच्या वकिलांकडे जाऊन म्हणाला, "सर, जरा तुमचं पुस्तक देता?" खुणेच्या चिठ्ठ्या लावलेलं ते जाड पुस्तक त्यांनी सवयीने दिलं, आणि दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पुढच्या अर्ध्या तासात त्या कोर्टाने जे ऐकलं, तसं आधी कधीच ऐकलं नव्हतं. वकिलाने एकविसाव्या कलमाची अशी बाजू मांडली, की ते त्याच्याच घरचं कलम वाटावं. कंपनीचे वकील जळक्या लाँड्रीबद्दल इतकं कळवळून बोलले, की शिपायाने त्यांना पाणी आणून दिलं. "त्या माउलीच्या गुडघ्यांचा तरी विचार करा, साहेब!"

"गुडघे ठीक आहेत," मावशी मागून म्हणाल्या.

न्यायाधीशांनी पेन्सिल खाली ठेवली. "कलम कंपनीने लिहिलं. सही बाईंनी केली. आणि आज ते पाळायला फक्त बाई तयार आहेत. तेव्हा कलम कायम. दावा तिकडेच चालेल."

कंपनीच्या वकिलांचा अर्ज मंजूर झाला. ते मटकन खाली बसले.

व्हरांड्यात मावशींनी त्यांनाच अडवलं. "साहेब, विम्याचे दावे तिथं चार नंबरच्या कोर्टातच जातात ना?"

"सगळे चारमध्येच. का?"

"सहज विचारलं," मावशी म्हणाल्या. ते संशयाने मागे बघत बघत गेले.

वकिलाने कोट काढून हातावर घेतला. "जिंकलो. आता सांगा."

"चार नंबरात माझी मुलगी आहे. साक्षीदार बोलतील ते सगळं टाइप करून घेते. आडनाव बदललंय, कुणाला कळायचं नाही. तिच्या लग्नाला मी गेले नाही. अडून बसले. आता सहा वर्षं झाली, माझा आवाज आला की फोन ठेवते."

वकिलाने हातावरच्या कोटाची घडी घातली. मग त्याला कायदा आठवला. "पण मावशी, तिथं घरचं काही बोलता येत नाही. आगीबद्दल विचारतील तेवढंच सांगायचं. म्हणजे आग लागली तेव्हा दुकान बंद ठेवून तुम्ही कुठे होतात, असलं काहीतरी."

"तेच विचारू देत," मावशी म्हणाल्या. "मी तिच्या दाराशी उभी होते. बेल दाबायला बोट होईना, म्हणून तशीच परत आले. आता हे तिला शब्द न् शब्द टाइप करावं लागेल."