कर्नेलनं छापलेला नवरदेव

सत्त्याऐंशी साली धंतोलीतल्या आमच्या कंपनीत चंद्रभाननं सी भाषेत कर्नेल लिहिला, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभाच. त्यात त्याचा लाडका नियम होता: ज्या प्रोग्रॅमनं मेमरीत जागा घेतली, त्याचं काम संपलं की जागा आपोआप रिकामी. जागा प्रिंटरच्या हवाली केली, तर मालकीही प्रिंटरला द्यावी लागते, हे मात्र पठ्ठ्या विसरला. डेमोला धोंडबाजी आले. संत्रा सोसायटीचे अध्यक्ष, आणि आमच्या ऑफिसातल्या प्रेमिलाचे होणारे सासरे. चंद्रभाननं संत्र्याच्या लिलावाचा कागद प्रिंटरकडे पाठवला. तो छापून व्हायच्या आतच जागा रिकामी झाली, आणि शेजारी प्रेमिला टाइप करत होती ती तिचीच लग्नपत्रिका त्याच जागेत जाऊन बसली. प्रिंटर खरखरला. धोंडबाजींनी कागद टरकन फाडून मोठ्यानं वाचला: “आज लिलाव. चिरंजीव रुपराव, दुसरी प्रत, थोडा डागी. जास्त बोली लावेल त्याला मिळेल. मुलाबाळांसह अगत्य येणे.” रुपराव म्हणजे त्यांचाच मुलगा, नवरदेव. आम्ही हादरलो. आता ऑर्डरही गेली आणि लग्नही. पण धोंडबाजीच पांढरेफटक पडले. मटकन खुर्चीत बसून म्हणाले, “उमरेडवाले त्यांच्या पोरीसंगं रुपरावले स्कूटर देऊन राहिले, हे तुमच्या मशीनले कोणी सांगतलं गा?” चंद्रभान घाईघाईनं कोडमधली चूक शोधायला लागला. “राहू दे गा भाऊ,” प्रेमिला म्हणाली. “काहून सुधारून राहिला? बरोबर तर छापून राहिलं.”