पिवळे कार्ड

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या आनुवंशिकतेवर मी तीनशे पानांचा प्रबंध लिहिला. आमच्या संस्थेच्या आरोग्य शिबिरात मात्र दिघोरी गावचे तरुण सातवी पास आरोग्यसखी बेबीबाईंभोवतीच जमतात. आज माझी मुलगी रुपाही रोगवाहकाचे पिवळे कार्ड माझ्या टेबलासमोरून त्यांच्याकडेच घेऊन गेली. “मावशी, त्याचंबी कार्ड पिवळंच. लेकरं आजारी निघतीन ना? लगन कसं करू?” कोणी ‘तो’ अस्तित्वात असल्याची नोंद माझ्याकडे नव्हती. बेबीबाईंनी तिचा हात धरला. “रडू नोको बाई. त्याले आण, बोलू आपण.” “आनुवंशिकता मी समजावतो,” मी म्हणालो. रुपाने मान वळवली नाही. बेबीबाई म्हणाल्या, “सर, हे पोरीमंदी तुमच्याकडून आलं का म्याडमकडून? तुमचं रक्त तपासलं कधी?” प्रबंधासाठी चारशे जणांचे तपासले होते. मी बोट पुढे केले. बेबीबाईंनी सुई उचलताच रुपाने त्यांचा हात सोडला. माझा धरला नाही.