सोबत एक पालक

"नाव मुलीचंच लिहायचं ना?" अश्लेषानं विचारलं, आणि विचारताक्षणीच तो प्रश्न परत घ्यावासा तिला वाटला.

खिडकीमागची सोनिया हसली. "मग काय माझं लिहिता, मॅडम?"

चितेगाव ओलांडल्यावर पैठण रस्त्यालगत नव्यानं उभ्या राहिलेल्या त्या खेळण्या-पाळण्यांच्या उद्यानात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी 'शांत सकाळ' असे. नऊ ते अकरा. स्वमग्न मुलांसाठी तेवढा वेळ कर्णे बंद, रांग नाही, मनगटावर एक निळी पट्टी. आणि पट्टी बांधलेल्या मुलासोबत एक पालक. अश्लेषानं दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा तिनं वयाची अट विचारली. "चौदापर्यंत. त्यापुढं सोय नाही," असं उत्तर आलं, तेव्हा तिनं फोन ठेवून दिला होता. दुसऱ्यांदा तिनं फक्त तारीख नक्की केली. स्वराली नऊ वर्षांची होती.

अर्जाच्या पहिल्याच ओळीवर पेन अडला. पुढचं मात्र तिनं भराभर लिहिलं. त्रास कशाचा होतो? अकस्मात भोंगा. गर्दी. अनोळखी हाताचा स्पर्श. शांत कशानं वाटतं? ठरलेला क्रम. चित्रं. ओळखीचा आवाज. शब्द शोधावे लागले नाहीत. अकरा वर्षांचं पाठांतर होतं ते.

"डॉक्टरांचा दाखला लागेल?"

"नाही लागत. आईचा शब्द पुरतो आम्हाला."

अश्लेषानं पेनाला टोपण लावलं. तिनं अर्ज आत सरकवला.

तीन पावलं मागं देवेश उभा होता. कारखान्यात यंत्रांची रेखाचित्रं करणारा उंच, अबोल माणूस. नजर स्वतःच्या बुटांच्या नाड्यांवर. त्याचं बोट घट्ट धरून स्वराली. तिच्या गळ्यात भलेमोठे निळे हेडफोन, हातात चार पुठ्ठे: फाटक, पाळणा, पाणी, घर. चित्रं तिनंच रंगवली होती. आठवडाभर रोज संध्याकाळी बापलेक ती पुढ्यात मांडून बसत आणि एकेकावर बोट ठेवत, न कंटाळता, तोच क्रम म्हणत. आज गाडीतून उतरल्यापासून मात्र तिनं तोंड उघडलं नव्हतं.

सोनिया पट्टी घेऊन बाहेर आली. "काय नाव बेटा तुझं?"

स्वरालीनं मान खाली घातली. बोटं फ्रॉकच्या काठाशी चाळा करू लागली.

"राहू द्या," अश्लेषा घाईनं म्हणाली. "नका विचारू."

"बरं बरं." सोनियानं हलक्या हातानं पट्टी बांधली आणि आवाज खाली आणला. "तुमचे साहेब काहीच बोलत नाहीत वाटतं? सगळे बाबालोक सारखेच बघा. लेकरांचं सगळं आईच्या गळ्यात!"

अश्लेषा हसली. गेल्या काही वर्षांत ते हसू तिनं झाकणासारखं घडवलं होतं. आतलं काही सांडू नये इतपत घट्ट.

मागच्या दिवाळीत शहरातल्या आनंदमेळ्यात पाळण्याची रांग निम्मी सरली होती. मग भोंगा वाजला, आणि त्यामागून ती किंकाळी. लोकांचं कडं जमलं. कुणी मोबाइल उंचावला, कुणी हसलं. पाळण्याला हातही न लावता ते परतले आणि त्यानंतर तिघे मिळून कुठंच गेले नव्हते. ज्या घराला बाहेर पडता येत नाही, त्याच्या भिंती हळूहळू आत सरकतात. आज पुन्हा तेच झालं, तर यापुढं कधीच नाही, असं अश्लेषानं मनाशी ठरवलं होतं. स्वरालीनं मात्र एकच हट्ट धरला होता: एकदा तरी, बाबासोबत, पाळण्यात.

पाळण्यापाशी गोकुळ कळ धरून उभा होता. "ताई, भोंगा वाजवत नाय मी आज. हात वर केला की निघाला म्हणून समजायचं. लई हळू फिरवतो, काळजी नका करू."

"आई बसणार ना सोबत?" सोनियानं विचारलं. "लेकरं आईजवळ शांत राहतात."

"नाही. तेच बसतील."

"पण मॅडम, साहेबांना सवय..."

"तेच बसतील म्हटलं ना!"

सोनिया बाजूला झाली. गोकुळनं आडवा दांडा लावला, हात वर केला. पाळणा उचलला गेला. खाली कापसाची शेतं, पलीकडं चितेगावच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि या सगळ्याच्या वर ती दोन डोकी, लहान लहान होत गेलेली.

ती सर्वांत वर पोचली आणि वीज गेली.

पाळणा थांबला. क्षणभर सगळं आभाळ थांबल्यासारखं झालं. मग मागच्या पत्र्याच्या खोलीत जनरेटर धडधडला आणि सकाळपासून मुके असलेले सगळे कर्णे एकदम गाऊ लागले, छातीवर आदळेल इतक्या आवाजात.

"आरं बंद कर! बंद कर ते!" गोकुळ खोलीकडं धावला.

अश्लेषानं डोळे मिटून घेतले. किंकाळी आता येईल. आता. तिनं कठडा इतका आवळला की बोटं बधिर झाली. गाणं मध्येच तुटलं. त्यानंतरच्या शांततेत तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"बघा," सोनिया तिच्या खांद्याला स्पर्श न करता, जवळून म्हणाली, "हूं नाही की चूं नाही. उगीच भीत होता तुम्ही. शहाणी आहे पोर."

पाळणा सावकाश खाली आला. गोकुळनं दांडा उचलला, पण उठलं कुणीच नाही.

निळे हेडफोन देवेशच्या कानांवर होते. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तळहात लेकीच्या दोन्ही हातांत घट्ट. स्वरालीनं एक हात सोडवून तिसरा पुठ्ठा त्याच्यापुढं धरला, हेडफोनची एक बाजू अलगद दूर केली आणि रोज संध्याकाळी म्हणायची तशी, स्वच्छ, सावकाश म्हणाली, "बाबा, पाळणा झाला. आता पाणी. तू या वेळी ओरडला नाहीस."