मास्तरला कुणीतरी सापडायला हवं

वकिलांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की रेंजरचा वॉकीटॉकी जागचा हलला.

"दोन दिवस झाले. दोन दिवसांत एक बाई सापडत नाही तुम्हाला? मग हे हिरवे कपडे घालून मिरवता कशाला?"

रेंजरने नकाशावरची मान वर केली नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीची ती एवढीशी खोली. भिंतीला दोरांची वेटोळी, कोपऱ्यात उभं केलेलं स्ट्रेचर, शेजारी फळा. फळ्यावर वकिलांच्या बायकोचं वय, उंची आणि निळा स्वेटर एवढं खडूने लिहिलेलं होतं.

"तलावाचा काठ तीनदा पालथा घातला, साहेब," तो म्हणाला. "होडी फिरवली, गळ टाकले. उद्या पाणबुडे येतायत."

"उद्या! सरकारी काम आणि सहा महिने थांब. ती पक्ष्यांचे फोटो काढायला तलावावर गेली, मी गाडीत झोपलो होतो, जाग आली तेव्हा ती नव्हती. आणखी किती वेळा सांगू? एकेकाला कोर्टात उभं करीन."

बाकावर वकिलांचा मेहुणा बसला होता. दोन दिवस शोधपथकाबरोबर फिरून त्याच्या पायांची चाळण झाली होती.

"दाजी, जरा शांत व्हा. ही माणसं जीव तोडून राबतायत."

"तू मला शिकवू नकोस."

मेहुण्याने डोळे पुसले. "ताई पुढच्या आठवड्यात आमच्याकडे राहायला येणार होती," तो रेंजरला म्हणाला. "खोली लावून ठेवली होती तिच्यासाठी."

"चार दिवसांसाठी," वकील म्हणाले. "राहायला वगैरे काही नाही."

वकिलांचा संताप खोटा नव्हता. रागाचं सोंग आणणारा माणूस दोन दिवसांत दमतो, हे दमत नव्हते. त्यांना रेंजरचा राग येत होता, मेहुण्याच्या मुळुमुळु रडण्याचा येत होता, आणि सगळ्यात जास्त येत होता बायकोचा. बावीस वर्षं तिला सांगून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली तर ती उलट उत्तरही देत नसे. ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं तेच करायची.

तेवढ्यात श्वानपथकाची बाई आत आली. मागोमाग तिचा कुत्रा. तोंडाशी पांढरा झालेला आणि चालण्यात शिस्त, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. आज मात्र मास्तर सरळ टेबलाखाली जाऊन पडला.

"आजही नाही?" रेंजरने विचारलं.

"नाही. शाल हुंगतो, गाडीपासून चार पावलं जातो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो." ती वकिलांकडे वळली. "तुम्ही दिलेली शाल ताईंच्या वापरातलीच आहे ना?"

"मग काय दुकानातून आणली? नाचता येईना अंगण वाकडं! कुत्र्याला जमत नाही तर शालीला नावं ठेवा."

बाईने वाकून टेबलाखालच्या मास्तरच्या डोक्यावरून हात फिरवला.

"एक मदत कराल, साहेब? मास्तर खचलाय. इतकं शोधून कुणीच मिळालं नाही की या कुत्र्यांचं मन मोडतं, मग उद्या तो कामच करणार नाही. म्हणून आम्ही एखाद्या माणसाला लपवतो आणि त्याला शोधायला लावतो. माणूस जिवंत सापडला की तो भुंकतो, खाऊ मिळतो, गडी पुन्हा ताजा. मेलेलं सापडलं तर नुसता गप्प बसून राहतो."

मेहुण्याने तोंड फिरवलं.

"माझी बायको हरवली आहे आणि मी लपंडाव खेळू?"

"मी लपतो," मेहुणा उठला.

"तुम्ही नको. तुम्ही दोन दिवस त्याच्याबरोबर फिरलात, तुमचा वास ओळखीचा झालाय. साहेब एकदाही आले नाहीत शोधायला. त्यांचा नवा आहे."

खोलीतले सगळे वकिलांकडे बघायला लागले. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी गळ्यातला मफलर ओढून काढला आणि बाईच्या हातात कोंबला.

"कुठे लपू?"

"चौकीमागे लाकडांचा ढीग आहे, त्याच्या आड बसा. मी मास्तरला तुमच्या गाडीपासून सोडते. लांबून शोधलं की त्याला चेव येतो."

वकील तणतणत गेले आणि ओंडक्यांआड उकिडवे बसले. पाच मिनिटं झाली, वीस झाली. गुडघे कळा मारायला लागले. भरदुपारी कोर्टातला नावाजलेला माणूस कुत्र्याच्या मनधरणीसाठी लपून बसलाय. तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईची नोकरीच घालवायची, त्यांनी ठरवलं. तक्रारीचा मजकूरही मनात जुळवायला घेतला. श्वानपथकाच्या कर्मचाऱ्याने अर्जदारास त्याच्या गाडीपासून...

तिथे ते अडखळले. गाडी परवापासून तलावाच्या रस्त्यावर होती तिथेच उभी होती. तिथून चौकीपर्यंत त्यांना रेंजरने जीपमधून आणलं होतं. मधल्या वाटेवर त्यांचं पाऊलसुद्धा पडलेलं नव्हतं. मग मफलर हुंगून कुत्रा गाडीपासून कुठली वाट धरणार होता?

ते उठून उभे राहिले.

दूरवर मास्तर भुंकायला लागला. आवाज तलावाकडून येत नव्हता. येत होता तो टेकडीपलीकडून, बंद पडलेल्या चुनाभट्टीच्या बाजूने. परवा त्या भट्टीच्या खड्ड्यातून बायकोच्या हाका पूर्ण थांबेपर्यंत वकील काठावर उभे राहिले होते, आणि मास्तर भुंकायचा थांबत नव्हता.